जिनिव्हाचा कागद आणि बारा तासांची पाळी

१९१९ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे जगातील पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे गेले होते. त्यांची निवड कोणत्याही कामगार संघटनेने केली नव्हती. ती सरकारने केली होती. परिषदेने पहिलाच करार कामाच्या तासांविषयी केला. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, असे त्याचे सूत्र. मात्र त्याच कराराच्या दहाव्या कलमात ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळा हिशेब लिहिला गेला. येथील कामगाराचा आठवडा साठ तासांचा राहील, असे ते कलम सांगत होते. युरोपातील कामगाराचे शरीर अठ्ठेचाळीस तासांनी थकते आणि मुंबईच्या गिरणीकामगाराचे साठ तासांनी, असा काहीसा शोध त्या सभागृहात लागला असावा. १९२१ मध्ये हिंदुस्थान सरकारने तो करार मान्य केला आणि १९२२ च्या सुधारणेने साठ तासांचा आठवडा कारखाना कायद्यात आला.

आज या जुन्या कथेची आठवण करण्याचे कारण आहे. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनंतर मिळेल, आणि तिमाहीत जादा कामाचे ११५ तास होते ते १४४ होतील, असेही त्या निर्णयात होते. दुकाने व आस्थापनांतील दिवस नवाचा दहा तासांचा होणार होता. गुजरातने तर त्याच वर्षी वटहुकूम काढून आधीच बारा तासांची वाट धरली होती. जगात स्पर्धा आहे, गुंतवणूक यायला हवी, आणि जादा कामाला दुप्पट वेतन मिळणारच आहे, असे समर्थन केले गेले. शिवाय कामगाराची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याला जादा वेळ थांबवता येणार नाही, ही हमीही दिली गेली. या लेखी संमतीकडे पुन्हा यावे लागेल. सगळा प्रश्न तिच्यातच दडलेला आहे.

अशा वेळी कामगार चळवळीत दोन प्रकारचे सूर हमखास ऐकू येतात. पहिला सूर म्हणतो की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे दाद मागावी, जिनिव्हाला पत्र पाठवावे. दुसरा सूर म्हणतो की जिनिव्हा ही भांडवलदारांनी उभारलेली शोभेची इमारत आहे, तिच्या पायरीवर डोके टेकून काही मिळायचे नाही. दोन्ही सुरांत थोडे सत्य आहे, परंतु दोन्ही सूर आळशी आहेत. आंतरराष्ट्रीय संस्थांविषयी समाजवादी कार्यकर्त्याची भूमिका भक्तीची असून चालत नाही आणि तुच्छतेचीही असून चालत नाही. ती संस्था कशी चालते, तिची कोणती कळ कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहावे लागते.

दुसऱ्या सुराचे म्हणणे आधी घेऊ. ही संघटना व्हर्सायच्या तहाच्या तेराव्या भागातून जन्मली, आणि तो तह लिहिणाऱ्यांच्या मनात दोन वर्षांपूर्वीची रशियन क्रांती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. कामगार आपल्या हाताने सर्वच उलथून टाकील, त्यापेक्षा त्याला आठ तास द्यावेत, हा व्यवहारी विचार त्यामागे होता. पण सत्ताधाऱ्यांच्या भीतीतून मिळालेला हक्क म्हणजे खोटा हक्क नव्हे. तसे मानायचे तर कारखाना कायद्यापासून सार्वत्रिक मताधिकारापर्यंत बहुतेक सगळेच टाकून द्यावे लागेल. कामगार चळवळीने जे मिळवले त्यातले बरेचसे समोरच्याच्या भीतीतूनच मिळवले.

शिवाय या संघटनेची एक रचना अशी आहे, जी संयुक्त राष्ट्रांच्या परिवारात अन्यत्र आढळत नाही. सुरक्षा परिषदेत केवळ सरकारे बसतात आणि त्यांतली पाच नकाराधिकार घेऊन बसतात. नाणेनिधीत मताची किंमत भागभांडवलावर ठरते. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत मात्र प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात. दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. कामगारांचा प्रतिनिधी स्वतःच्याच सरकारच्या विरुद्ध मत देऊ शकतो आणि देतो. तो देशातील सर्वांत प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडला गेला पाहिजे, असे घटनेत आहे. या एका वाक्याने आपल्याकडे काय घडवले, ते पाहण्यासारखे आहे. १९१९ मध्ये सरकारने परस्पर प्रतिनिधी नेमला, कारण विचारावे अशी देशव्यापी संघटनाच नव्हती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, तिच्यामागे जी अनेक कारणे होती त्यांत हेही एक ठळक कारण होते. जिनिव्हाला पाठवायचा प्रतिनिधी आमचा आम्ही ठरवू, असे म्हणण्यासाठी कामगारांना एकत्र यावे लागले. जोशी स्वतः त्या स्थापनेत अग्रभागी होते, आणि पुढे ते संघटनेच्या नियामक मंडळावरही गेले.

साठ तासांचे पुढे काय झाले, तेही येथेच सांगितले पाहिजे. १९३४ च्या कायद्याने ते चोपन्न झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ मध्ये, कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने ते अठ्ठेचाळीसवर आले. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये जगाला जे १९१९ मध्ये योग्य वाटले, ते मुंबई, अहमदाबाद आणि कानपूरच्या कामगाराला मिळायला सत्तावीस वर्षे लागली. त्या सत्तावीस वर्षांत गिरण्यांतून झालेले संप, खाल्लेल्या लाठ्या, भोगलेले तुरुंगवास यांची नोंद कराराच्या कोणत्याही कलमात नाही. कागद तेथे होता. तो खाली उतरवला तो कामगारांनी.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. माणसाने पाठीवर किती ओझे वाहावे, याविषयी संघटनेने १९६७ मध्ये १२७ क्रमांकाचा करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा सुचवला. त्या काळात आपल्या बाजारपेठांतून शंभर किलोचे पोते हमालाच्या पाठीवर चढत होते. पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने हे पोते पन्नास किलोचे व्हावे म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ मध्येच झाला. आणि भारत सरकारने १२७ व्या कराराचे अनुसमर्थन केव्हा केले? २०१० मध्ये. त्रेचाळीस वर्षे लागली. एवढ्या काळात हमालांची एक पिढी मणके झिजवून बाजारातून घरी गेली आणि दुसरी पिढी पाठ वाकवू लागली. ज्यांना जिनिव्हात सर्व काही मिळते असे वाटते त्यांनी या त्रेचाळीस वर्षांकडे पाहावे. आणि ज्यांना तेथे काहीच मिळत नाही असे वाटते, त्यांनी ध्यानात घ्यावे की आता ते ओझे हा केवळ व्यापारी आणि हमाल यांच्यातील घासाघिशीचा विषय राहिलेला नाही. भारताने त्याविषयी जगाला शब्द दिलेला आहे, आणि त्या शब्दाचा जाब विचारता येतो.

सरकारे कोणत्या करारावर सही करतात आणि कोणत्यावर करीत नाहीत, यात मोठी शहाणीव असते. आज मूलभूत म्हणून गणले जाणारे दहा करार आहेत. वेठबिगारी, समान वेतन, भेदभाव आणि बालमजुरी यांविषयीच्या सहा करारांना भारताने मान्यता दिलेली आहे. बालमजुरीच्या दोहोंना तर २०१७ मध्ये दिली. ज्यांना दिलेली नाही त्यांत दोन करार सर्वांत कळीचे आहेत. १९४८ चा ८७ क्रमांकाचा, संघटनस्वातंत्र्याचा, आणि १९४९ चा ९८ क्रमांकाचा, संघटित होण्याच्या व सामूहिक वाटाघाटींच्या हक्काचा. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर लगेचच्या वर्षांत झालेले हे करार पाऊणशे वर्षे तसेच पडून आहेत. या काळात दिल्लीत काँग्रेसची, जनता पक्षाची, आघाड्यांची आणि भाजपची सरकारे आली नि गेली. त्यांपैकी काही सरकारांत समाजवादीही मंत्री होते, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी आपल्यापासून लपवू नये.

सरकारचे ठरलेले उत्तर असे की सरकारी नोकरांच्या सेवानियमांत राजकीय कार्यावर व संपावर निर्बंध आहेत, ते या करारांशी जुळत नाहीत. उत्तर मोठे चमत्कारिक आहे. सचिवालयातील कारकुनाला संप करू द्यायचा नाही, म्हणून चाकणच्या खाजगी कारखान्यातील कामगारालाही आंतरराष्ट्रीय संरक्षण द्यायचे नाही! एका खोलीचे दार लावायचे म्हणून सबंध चाळीला कुलूप घालण्याचा हा प्रकार आहे.

या संरक्षणावाचून काय होते, हे २०२४ मध्ये तमिळनाडूत दिसले. श्रीपेरुंबुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यातील कामगार ९ सप्टेंबरपासून सदतीस दिवस संपावर होते. पगाराची मागणी होती, तासांची होती, परंतु मूळ मुद्दा आपली युनियन नोंदवून घ्यावी आणि तिच्याशी बोलावे हा होता. नोंदणी अडून राहिली, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि अखेर २०२५ च्या जानेवारीत नोंदणी झाली. ८७ व्या कराराचे दुसरे कलम म्हणते की कामगारांना कोणाचीही पूर्वपरवानगी न घेता आपल्या पसंतीची संघटना स्थापन करता आली पाहिजे. तो करार भारतावर बंधनकारक असता तर केवळ नावनोंदणीसाठी एवढे महिने घालवणे कोणत्याही राज्याच्या कामगार खात्याला इतके सोपे गेले नसते. तमिळनाडूत कामगारांची कड घेतो असे सांगणारा पक्ष सत्तेवर होता, हे येथे नमूद केलेले बरे.

आता लेखी संमतीकडे यावे. ज्या कारखान्यात युनियन नाही, जेथे निम्मे हात कंत्राटी आहेत, जेथे उद्या कामावर घेणार की नाही हे मुकादम ठरवतो, तेथे कामगार संमतीपत्रावर सही करणार नाही तर काय करणार? त्याला दुप्पट वेतनाचा मोह आहे असे म्हटले जाते. मूळ वेतनात घर चालले असते तर हा मोह कितपत टिकला असता? संमती ही समान बळाच्या दोन पक्षांत असते. एकट्या कामगाराचे बळ संघटनेतून येते, आणि संघटनेचे संरक्षण ८७ व ९८ या करारांत आहे. म्हणून तासांचा प्रश्न आणि त्या दोन करारांचा प्रश्न हे दोन प्रश्न नाहीत. बारा तासांच्या निर्णयाविरुद्ध मोर्चा काढायचा आणि अनुसमर्थनाची मागणी मात्र वार्षिक ठरावाच्या शेवटच्या परिच्छेदात टाकून मोकळे व्हायचे, ही पद्धत आता सोडावी लागेल.

एवढे मानले तरी जिनिव्हाची इमारत आज धड उभी आहे काय, हा प्रश्न उरतो. तिला तीन बाजूंनी तडे गेले आहेत.

मालकांनी दिलेला तडा सर्वांत खोल आहे. ८७ व्या करारात संप हा शब्द नाही. तथापि संघटनेच्या तज्ज्ञ समितीने अनेक दशके असा अर्थ लावला की संघटनस्वातंत्र्य म्हणजे संपाचा हक्क आलाच. ज्या संघटनेला काम थांबवता येत नाही ती मंडळ आहे, युनियन नव्हे. शीतयुद्ध चालू होते तोवर मालकांच्या गटाने या अर्थाला फारसा आक्षेप घेतला नाही. पोलंडमधील कामगारांच्या संपाचे कौतुक करायचे असताना तो घेणे अडचणीचे होते. बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि मालकांना अचानक कराराची अक्षरे दिसू लागली. २०१२ च्या जून परिषदेत त्यांनी या मुद्द्यावर देशोदेशींच्या तक्रारींची यादीच मंजूर होऊ दिली नाही, आणि त्या वर्षी एकाही देशाच्या प्रकरणाची चर्चा होऊ शकली नाही. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरात नियामक मंडळाने हा वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे मतासाठी पाठवला. याआधी कराराचा अर्थ विचारायला संघटना हेगला गेली होती ती १९३२ मध्ये, स्त्रियांच्या रात्रपाळीच्या प्रश्नावर. २०२५ च्या ऑक्टोबरात सुनावणी झाली. हेगच्या मताला वजन आहे, पण संपाचा हक्क न्यायाधीशांनी दिला म्हणून संप होत नाहीत. लोखंडेंच्या मागे उभे राहून मुंबईच्या गिरणीकामगारांनी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली, तेव्हा हेगही नव्हते आणि जिनिव्हाही नव्हती.

दुसरा तडा पैशाचा. या संघटनेचा सर्वांत मोठा वर्गणीदार अमेरिका. १९७० मध्ये एका सोव्हिएत नागरिकाची सहायक महासंचालक म्हणून नेमणूक झाली म्हणून अमेरिकेने वर्गणी रोखली. १९७७ मध्ये ती संघटनेतूनच बाहेर पडली आणि १९८० मध्ये परत आली. २०२५ मध्ये तिने बालमजुरी आणि वेठबिगारीविरुद्ध परदेशांत चालणाऱ्या प्रकल्पांचे अनुदान एका फटक्यात बंद केले. अमेरिकेने स्वतः मूलभूत दहांपैकी दोनच करार मान्य केले आहेत, ही तर त्याहून मौजेची गोष्ट. घरचा हिशेब कोणाला दाखवायचा नाही, पण दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजते हे मात्र पाहायचे. चीननेही ८७ आणि ९८ मान्य केलेले नाहीत. म्हणजे लोकशाहीची जननी, लोकशाहीची रक्षक आणि कामगारांचे राज्य अशी आपापली ओळख सांगणारे तिन्ही मोठे देश या एका बाबतीत एकाच बाकावर बसलेले आहेत.

तिसरा तडा आपल्या घरचा आहे आणि म्हणून त्याची चर्चा कमी होते. सरकारने कामगार व मालक या दोघांशी सल्लामसलत करावी, असे सांगणारा १४४ क्रमांकाचा करार भारताने १९७८ मध्ये मान्य केला. त्यासाठी आपल्याकडे इंडियन लेबर कॉन्फरन्स ही त्रिपक्षीय परिषद १९४२ पासून आहे. तिचे शेहेचाळीसावे अधिवेशन २०१५ च्या जुलैत झाले. त्यानंतरच्या दहा वर्षांत एकही झाले नाही. याच दहा वर्षांत एकोणतीस कामगार कायदे मोडून चार संहिता लिहिल्या गेल्या, संसदेतून मंजूर झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आल्या. संहितेत आठ तासांचा दिवस लिहिलेला आहे खरा. परंतु संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता प्रत्येक उद्योगाला लागू झाली, निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपात धरली गेली, आणि तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी उरली नाही. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती. एवढा मोठा बदल आणि त्रिपक्षीय परिषदेची एक बैठक नाही!

असे असूनही कागदाची धार पूर्णपणे बोथट झालेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि गुजरात या राज्यांनी कामगार कायदे गुंडाळायला सुरुवात केली, तेव्हा दहा केंद्रीय कामगार संघटनांनी जिनिव्हाला तक्रार केली. महासंचालक गाय रायडर यांनी पंतप्रधानांकडे चिंता कळवली. त्याच मे महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयात याचिका दाखल होताच उत्तर प्रदेशने बारा तासांची अधिसूचना मागे घेतली. गुजरातची अधिसूचना, जिच्यात जादा तासांना दुप्पट वेतनही नव्हते, सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली, आणि ती याचिका एका कामगार संघटनेची होती. जिनिव्हाच्या पत्राने हे सर्व झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण रस्ता, न्यायालय आणि जिनिव्हा या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी आवाज उठला होता, आणि सरकारे एकाच वेळी तीन ठिकाणी खुलासे देण्यास नाखूश असतात.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांच्या हातात आज नेमके काय आहे? १९१९ चा पहिला करार भारताने मान्य केलेला आहे आणि तो अद्याप लागू आहे. त्यातले साठ तासांचे, ब्रिटिश हिंदुस्थानचे कलमही तेथेच आहे, शंभर वर्षांनंतरही कोणी ते खोडलेले नाही. जगासमोर अठ्ठेचाळीस तासांचा शब्द आपल्या सरकारने कधी दिलेलाच नाही. अठ्ठेचाळीस तास हा देशातला कायदा आहे आणि देशातला कायदा मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत वाकवता येतो, हे सप्टेंबरात दिसले. हे वसाहतकाळातले कलम सोडून इतर जगाचा हिशेब आम्हाला लावा, अशी मागणी करायला संसदेतील विरोधी सदस्यांना कोणी अडवलेले नाही.

आणि दुसरी गोष्ट पुराव्याची. चाकण, बुटीबोरी, वाळूज, तारापूर, कोल्हापूरच्या फौंड्री येथे संमतीपत्रे कशी भरून घेतली जातात, ती कोणाच्या हस्ताक्षरात असतात, एकाच दिवशी सगळ्यांच्या सह्या कशा होतात, नकार देणाऱ्याचे पुढच्या आठवड्यात काय होते, याची नोंद सरकार ठेवणार नाही. ती जिल्हाजिल्ह्यातील कार्यकर्त्यांनीच ठेवली पाहिजे. तारीख, पाळी, खाते, जादा तास, मिळालेली रक्कम, अशी. मान्य केलेल्या करारांच्या अंमलबजावणीवर सरकार अहवाल पाठवते, त्याची प्रत कामगार संघटनांना देणे सरकारवर बंधनकारक आहे, आणि त्यावर संघटनांना आपली निरीक्षणे थेट तज्ज्ञ समितीकडे धाडता येतात. ८७ वा करार मान्य नसलेल्या देशाविरुद्धही संघटनस्वातंत्र्य समितीकडे तक्रार करता येते, ती सोय १९५१ पासून आहे. तज्ज्ञ समितीकडे निरीक्षणे पोचण्याची मुदत दरवर्षी १ सप्टेंबरला संपते.